शुक्रवारचं गाव

दळवीभाऊजींना खुर्चीत नीट टेकून बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. पोहे खायचे ते उभ्यानं, खिडकीशी. चहा प्यायचे तो आमच्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालत. एकदा न राहवून मी म्हटलं, भाऊजी, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? तर म्हणाले, "वहिनी, बसलो की गंजेन असं वाटतं." आणि कप चपलांच्या कपाटावर ठेवून पुन्हा फेऱ्या चालू. तो कप मला दुसऱ्या दिवशी तिथेच सापडायचा, तळाला साखर वाळलेली.

इथे सौदीत, जुबैलला, कंपनीच्या कंपाउंडात ते आमचे शेजारी. माझा नवरा विनय आणि ते एकाच प्लांटवर. विनय प्रोसेसला, भाऊजी मेंटेनन्सला, पंप आणि कंप्रेसरवाले. त्यांच्या पत्नी सुमनताई मुलाच्या बारावीसाठी डोंबिवलीला परत गेल्या त्या गेल्याच. मुलगा शिकून नोकरीला लागला तरी त्या काही परतल्या नाहीत. बाई शहाणी होती, मी दुसरं काय म्हणू. तेव्हापासून तीन खोल्यांच्या व्हिलात भाऊजी एकटे, आणि एकटा माणूस शेजाऱ्याच्या घरात जास्त असतो.

बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. भाऊजी न बिघडलेली दुरुस्त करायचे. एका गुरुवारी संध्याकाळी चहाला आले आणि आमच्या स्वयंपाकघराचं दार वायच कुरकुरतंय म्हणून त्यांनी बिजागऱ्या खोलल्या. मी इकडे पोळ्या करतेय, तिकडे दार उतरवून भिंतीला टेकवलं. मग त्यांना घड्याळ दिसलं. "बाप रे, मळ्यावर जायचं राहिलं," म्हणाले आणि गेले. शनिवारी रात्रीपर्यंत दार भिंतीलाच टेकलेलं होतं आणि माझी धाकटी त्याच्याआडून भॉक करत होती. रविवारी मी शाळेत शिकवून घरी आले तर दार बसवलेलं. कुरकुर होती तशीच.

आता हा मळा काय भानगड, ते सांगते. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. भाऊजींच्या हाताखाली अब्दुल्ला नावाचा एक गुणी सौदी मुलगा होता. त्याच्या चुलत्याचा, अबू सालेमचा, जुबैलपासून तासाभराच्या अंतरावर एका खेड्यात खजुराचा मळा. मळ्याच्या कडेला एक रिकामी खोली होती. अब्दुल्लाने एकदा भाऊजींना खजूर खायला नेलं, आणि भाऊजी तिथल्या पाण्याच्या पाटात पाय सोडून बसले ते संध्याकाळपर्यंत. ही बातमी ऐकूनच विनय चकित झाला. त्या दिवसापासून ती खोली भाऊजींची. दर गुरुवारी संध्याकाळी जायचं, शनिवारी रात्री यायचं.

भाऊजींचं मूळ गाव लांज्याकडे, पण ते वाढले डोंबिवलीत. गाव त्यांनी पाहिलं ते मे महिन्याच्या सुट्टीत, आंबे आणि फणस असताना. त्यामुळे गाव म्हटलं की त्यांच्या डोक्यात फक्त गोड चव. दिवाळीच्या फराळाला कंपाउंडातली मराठी माणसं जमली की भाऊजींचं प्रवचन सुरू. कंपाउंड म्हणजे फ्रीज आहे, सगळं ताजं दिसतं, चव कशाला म्हणून नाही. बाकी तुम्ही लोक सौदीत राहताच कुठे, तुम्ही राहता एअर-कंडिशनरमध्ये. आणि शेवटचं, ठरलेलं वाक्य: "माणूस गावातच कळतो." लोक चकल्या खात हो-हो म्हणायचे. मला मात्र राग यायचा. पाच दिवस कंपनीची वीज, कंपनीचं पाणी, कंपनीची बस आणि आम्हाला शिकवायला निघाले. दुरून डोंगर साजरे, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं. "दुरून कुठे, तासाभरावर तर आहे," म्हणाले, आणि मलाच हसू आलं.

त्या मळ्यावर आम्हीही एकदा गेलो, पोरांना घेऊन. खोटं कशाला बोलू, जागा छान होती. खजुराखाली गार वाटत होतं, हिरवागार गवताचा पट्टा, पलीकडे शेळ्यांचा गोठा. अबू सालेम म्हणजे सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा म्हातारा. त्यानं पोरांच्या हातात ताजी अंडी दिली, आणि ती अंडी कोमट आहेत म्हणून पोरं इंग्रजीत किंचाळायला लागली. मळ्यावर काम करणारा रफीक हा बांगलादेशचा, त्याचं हिंदी आणि माझं हिंदी छान जमलं.

आणि तिथे होती ठकी. मातकट रंगाची, एक कान मोडलेला, पोट खपाटीला गेलेलं. भाऊजींची गाडी लांबून ऐकूनच रस्त्यापर्यंत यायची. नाव अर्थात भाऊजींनी ठेवलेलं, गावातल्या कुणाला कुत्र्याला नाव असतं हेच पटत नव्हतं. डब्यातली पोळी ते तिला हातानं भरवत होते. तिनं अबू सालेमच्या पायघोळ झग्याला तोंड लावलं तसा म्हातारा शांतपणे पाटावर गेला आणि कापडाचं ते टोक पुन्हा पुन्हा धुऊन आला. भाऊजी लगेच मला समजावायला लागले: त्यांच्यात कुत्र्याची लाळ चालत नाही, वहिनी, पण तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणं पुण्याचं मानतात. जनावराला मारत नाहीत ही माणसं. साधी माणसं आहेत.

हे वाक्य संपतंय न संपतंय तोच कुंपणापलीकडून दगड आला. गावातली चार पोरं. दुसरा दगड ठकीच्या पायाला लागला आणि ती केकाटत खोलीमागे पळाली. मला विशेष काही वाटलं नाही, आमच्या मिरजेतली पोरं काय फुलं फेकतात? पण भाऊजींचा चेहरा उतरला. जेवायला गेलो तेव्हा त्यांनी ताटात भात चिवडला आणि उठले.

त्यानंतर त्या गावातलं सगळंच त्यांना दिसायला लागलं. आधी दिसत नव्हतं असं नाही, पण आधी त्यांनी बघायचंच नाही असं ठरवलं होतं. वाळूत फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, रात्रभर चालू राहणारे पंप, रफीकवर ओरडणारा मुकादम. आणि कुत्री. एका शनिवारी ते परतले ते थेट आमच्याकडे, चपला न काढता. रस्त्याच्या कडेला तीन कुत्री मरून पडली होती, तोंडाला फेस. कुणीतरी मांसातून विष घातलं होतं. कुणी ते गावात एकजण सांगेना. अबू सालेमला विचारलं तर तो म्हणाला, मी घातलं नाही, आणि कुणी घातलं ते मी तुला सांगणार नाही.

"ही साधी माणसं?" भाऊजी मला विचारत होते, जणू मीच त्यांना तसं सांगितलं होतं. "ह्यांच्यापेक्षा आपला कंपाउंडचा वॉचमन बरा." आणि मग तेच वाक्य, आता दात खाऊन: "माणूस गावातच कळतो, वहिनी." मी म्हटलं, भाऊजी, मग सोडा की तो मळा. कुणी बांधून ठेवलंय? ते तसेच बाहेर पडले. विनय नंतर मला म्हणाला, अगं, ठकीला पिल्लं झालीत, ते कसले सोडतात.

सोडला तर नाहीच, उलट इरेला पेटले. कंपनीच्या कामगार कॅम्पच्या मेसमध्ये उरलेला भात आणि कोंबडीचे तुकडे रोज फेकले जायचे. भाऊजींनी मेसच्या केरळी आचाऱ्याला पटवलं आणि गुरुवारी डिकीत प्लास्टिकचे मोठे डबे भरून न्यायला सुरुवात केली. त्यांच्या गाडीला असा वास यायला लागला की विनय त्यांच्याबरोबर जायचं सोडून कंपनीच्या बसनं प्लांटवर जायला लागला. खोलीपुढे ते अन्न ओतायचे. आधी ठकी आणि तिची पिल्लं, मग आसपासची, मग कुठकुठली. त्यांनी मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. शेपट्यांचं नुसतं जंगल. म्हणाले, बघा, कशी ओळखतात मला. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी माझं तोंड आवरलं.

रफीकनं त्यांना सांगितलं होतं, हे मला त्यानंच नंतर सांगितलं. साहेब, तुम्ही जाता, मग ही सगळी माझ्या मागे फिरतात, गोठ्याभोवती बसतात. भाऊजींनी त्याला उत्तर दिलं की त्यांना फक्त प्रेम हवंय. प्रेम! पाच दिवस उपाशी ठेवून दोन दिवस मेजवानी, ह्याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. इथे तर शेळ्याही खऱ्या होत्या.

व्हायचं ते एका मंगळवारी पहाटे झालं. अबू सालेमच्या शेजारच्या मळ्यात कुत्र्यांची टोळी गोठ्यात शिरली आणि करडं मारून टाकली, दोन मोठ्या शेळ्याही फाडल्या. शेळ्यांचा मालक तिशीतला, गरम डोक्याचा. तो पोलिसांत जातो म्हणाला. अब्दुल्लाने प्लांटवर येऊन भाऊजींना निरोप दिला, की काका म्हणतात शुक्रवारी ये, सगळे बसून बोलू. भाऊजी विनयला घेऊन गेले, कारण विनयचं अरबी कामापुरतं का होईना, बरं आहे. पुढचं मी विनयकडून ऐकलेलं सांगते. विनय कधी फुगवून सांगत नाही, त्याला तेवढा उत्साहच नसतो.

अबू सालेमच्या बैठकीत गावातले सात-आठ पुरुष भिंतीला लोड लावून बसलेले. आधी कॉफी झाली, खजूर झाले, एकमेकांच्या घरच्यांची चौकशी झाली. भाऊजींचा पाय सारखा हलत होता. मग अबू सालेम बोलायला लागला. तो म्हणाला, आमच्याकडे रीत अशी आहे, की ज्याच्या हातचं जनावर खातं, त्याचं ते जनावर. त्याचं चांगलं-वाईट त्याच्या डोक्यावर. मळ्यावर राखणीला कुत्री आम्हीही ठेवतो, पण त्यांना रोज घालतो आणि त्यांच्यासाठी जबाब देतो. मग त्यानं विचारलं:

"तू शुक्रवारी ह्यांना घालतोस. रविवारी कोण घालतं?"

विनयनं ते हिंदीत सांगितलं. मराठीतच सांगायला हवं होतं, पण त्याला घाईत सुचलं नाही. भाऊजी हातातला रिकामा कप फिरवत राहिले.

"बाकीच्यांचं जाऊ दे," म्हातारा म्हणाला. "ती मोडक्या कानाची तुझ्या दाराशी व्याली. ती तुझी आहे का?"

आता इथे एक सांगायला हवं. भाऊजी साठीला टेकले होते. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नूतनीकरणाला गेलेला होता, आणि कंपनी ह्या वयात माणसाला ठेवते की नाही ह्याची टांगती तलवार. मळ्यावरच्या खोलीत ते राहतात ह्याचा कुठे कागद नाही, परवानगी नाही. ती माझी, असं म्हटलं की शेजाऱ्याच्या शेळ्यांचं सगळं बालंट त्यांच्यावर, पोलीस, कंपनीला फोन, आणि घरी पाठवणी. शेळ्यांचा मालक समोरच बसला होता, तो त्यांच्याकडे टक लावून बघत होता. हे सगळं मला कळतं. मी त्यांच्या जागी असते तर काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक.

भाऊजी म्हणाले, "नाही. माझी नाही. रस्त्यावरची आहे."

विनयला ते भाषांतर करावं लागलं. तो म्हणतो, ते वाक्य सांगताना त्याला स्वतःलाच लाज वाटली. अबू सालेमनं मान डोलावली. बरं, म्हणाला. आणि पुन्हा कॉफी ओतली.

नंतर नगरपालिकेची गाडी येऊन कुत्री धरून घेऊन गेली एवढं कळलं. कुठे नेली, काय केलं, ते कुणी सांगितलं नाही आणि भाऊजींनी विचारलं नाही. मळ्यावर जाणं बंद झालं. शुक्रवारी ते कंपाउंडाच्या भिंतीच्या आतून चालायचे, गोल गोल, उन्हातसुद्धा. मी खिडकीतून बघायचे आणि माझा जीव कासावीस व्हायचा. एकदा मी मुद्दाम पुरणपोळी केली आणि हाक मारली. आले, उभ्यानं अर्धी खाल्ली आणि म्हणाले, "वहिनी, मी तिला हातानं भरवायचो." मी म्हटलं, माहितीये. इतरांवर मी जिभेचा पट्टा चालवते, पण त्या दिवशी मी फक्त त्यांच्या पोळीवर आणखी तूप वाढलं.

इकामा काही वाढला नाही. एवढं सगळं करून, तोंडातून ते वाक्य काढूनही, कंपनीनं त्यांना निरोपाचा केकच दिला. फायनल एग्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा. सामान आवरायला लागले तेव्हा मळ्यावरच्या खोलीत त्यांची गादी, गॅसची शेगडी, पुस्तकं होती. ते जायला तयार होईनात. म्हणाले, राहू दे तिथेच. शेवटी मी आणि विनय गेलो.

खोलीला कुलूप होतं तसं होतं. चावी लावून सामान बाहेर काढत होतो तेवढ्यात गोठ्याकडून भुंकण्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराशी, खजुराच्या खांबाला लांब दोरानं बांधलेली ठकी. अंगावर चांगलं मांस चढलेलं. शेजारी पत्र्याचं पाण्याचं भांडं.

मी रफीकला विचारलं. तो म्हणाला, नगरपालिकेचे लोक आले तेव्हा म्हातारबाबांनी हिला आधीच बांधून ठेवली होती. शेळ्या मेल्या त्या पहाटे हीच पहिल्यांदा भुंकली, गावाला जाग आली ती हिच्यामुळे, नाहीतर सगळा गोठा गेला असता. पिल्लांमधलं एक मुकादमानं नेलं. आता म्हातारबाबा स्वतः रोज सकाळी हिला खायला घालतात. लांबून घालतात, अंगाला तोंड लागू देत नाहीत, पण घालतात.

अबू सालेम तिथे आला. मी विनयला म्हटलं, विचार ना त्यांना, का ठेवली. म्हाताऱ्यानं खांदे उडवले. "तो म्हणाला त्याची नाही," अबू सालेम म्हणाला. "मग कुणाची तरी व्हायला नको?"

घरी येऊन मी भाऊजींना सगळं सांगितलं. विनय नको म्हणत होता. पण माणूस देश सोडून चाललाय, निदान ती मेली नाही एवढं तरी त्याच्याबरोबर जावं, असं मला वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं. खाते का नीट, एवढंच विचारलं.

जाण्याच्या दिवशी आम्ही त्यांना दम्मामच्या विमानतळावर सोडायला निघालो. हमरस्त्यावरून मळ्याकडे जाणारा फाटा आला आणि भाऊजी म्हणाले, विनय, वायच आत घे.

गाडी थांबली तशी ठकी दोराच्या टोकाला येऊन उभी राहिली. भुंकली नाही. तिचं सगळं अंग हलत होतं, शेपटीपासून मोडक्या कानापर्यंत. भाऊजी दार उघडून तसेच घुटमळले. मला वाटलं, उतरणार नाहीत. मग उतरले. विमानासाठी घातलेली ती नवी पँट, तिच्यावर दोन मातीचे पंजे उमटले, आणि ते तिच्या मानेत तोंड खुपसून काहीतरी बोलत राहिले, मला ऐकू आलं नाही. मी गाडीतच बसून राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पोरांसमोर नको होतं.

अबू सालेम घरातून आला. त्यानं खांबाचा दोर सोडला, टोक भाऊजींच्या हातात दिलं आणि बाजूला उभा राहिला. मग भाऊजींनी छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, "ही माझी आहे."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर विचारलं होतं."

त्यानं हात पुढे केला. भाऊजींना दोर सोडायला वेळ लागला, पण सोडला. म्हातारा तिला घेऊन गोठ्याकडे गेला. ती दोन पावलं चालायची आणि मागे बघायची.

दम्मामपर्यंत भाऊजींनी पँटवरची माती झटकली नाही. विमानतळावर बॅगा उतरवल्या, पोरांच्या डोक्यावर हात फिरवला, माझ्याकडे बघून मान हलवली. आत शिरता शिरता थांबले आणि विनयला म्हणाले, "अरे, दुपारी तिला सावली कुठे मिळते, ते विचारायचं राहिलंच."